सोळा गेजचा पाईप

मणक्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी सायकल बंद केली. मी विचारलं, पाठ टेकून चालवली तर? ते म्हणाले, तशी मिळाली तर जरूर चालवा. तशी मिळत नव्हती, म्हणून करायची ठरवली. खुर्चीसारखी बैठक, पेडल पुढे. वहीत पहिली अट लिहिली: उंबऱ्यावरून एकट्याला उचलता आली पाहिजे. दर वेळी कुणाला हाक मारायची असेल, तर घरी बसलेलं बरं.

ओतूरच्या मारवाडी शेठजींच्या दुकानात तीन पाईप वजनकाट्यावर ठेवले, मग एकेक दोन विटांवर आडवा टाकून त्यावर उभा राहिलो. अठरा गेजचा, म्हणजे सगळ्यांत पातळ, वाकला. पाण्याचा जाड पाईप हलला नाही, पण वजन दुप्पट. दीड इंची, सोळा गेजचा पसंत केला. त्याचे तुकडे कापून घेतले, प्रत्येकावर खडूने माप लिहिलं आणि चिठ्ठीसकट वेल्डरकडे दिले.

चार दिवसांनी गेलो, तर सांगाडा पाण्याच्या पाईपचा.

"तुमचा पाईप पत्र्यावानी व्हता राव," वेल्डर म्हणाला. "कांद्याची गोणी टाकली की वाकला असता."

"गोणी कोण टाकणार आहे?"

"सायकल हाय म्हटल्यावर कुणीतरी टाकणारच. आज नाय तर उद्या."

"माझा पाईप कुठे आहे?"

"त्याचं एका पावण्याला कपडे वाळवायचं स्टँड केलं. पातळ कामाला लई झाक."

मी सांगाड्याचं पुढचं टोक उचलायला गेलो. वीतभर उचललं आणि कमरेतून कळ गेली. तो कौतुकाने बघत होता. "बघा, हलत न्हाई. नातवंडं चालवतील."

नातवंडांसाठी केली नव्हती. वर्षानुवर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणाऱ्या या माणसाला माझ्या पाठीपेक्षा न आलेल्या गोणीची काळजी जास्त होती. माझ्या चिठ्ठीत लांबी, गेज, कोन, सगळं होतं. उचलायची मला आहे, हे लिहिलं नव्हतं. स्वतःचाही राग आला, पण तो दुसऱ्या नंबरचा.

पुन्हा पाईप आणला. या वेळी स्टूल टाकून त्याच्यासमोर बसलो, शेवटचा जोड होईपर्यंत. चहालाही उठलो नाही.

"गोणी तेवढी टाकू नका," तो म्हणाला.

पहिल्याच दिवशी सायकल एकट्याने उंबऱ्याबाहेर काढली आणि त्याच्या दुकानावरून नेली. तो गिऱ्हाइकाला सांगत होता, "मुद्दाम हलकी ठेवलीय. मीच म्हणलं त्यांना, जाड पाईप नको."

मी थांबलो नाही. थांबलो असतो, तर भांडण झालं असतं.