हवालदारमामांचे फोटो आणि माझी सफाई

आता काय सांगू, माझ्याच तोंडानं माझी फजिती! पण चहा पाजताय, तर ऐका.

मुरुम गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. एकदा आमच्या गल्लीतले हवालदारमामा पत्र्याची डबी घेऊन आले. एकाहत्तरच्या लढाईत मामांकडं छोटा कॅमेरा होता, आणि डबीत त्यांनी आघाडीवर काढलेले फोटो. मला वाटलं, तोफा असतील, रणगाडे असतील! बघतो तर काय? एक जवान कणीक मळतोय, एक मोजा शिवतोय, एक पेटीवर बसून घरी पत्र लिहितोय.

"मामा, ह्यात लढाई कुठं हाय?"

"आरं, तोफा काय चोवीस तास चालत्यात व्हय? बाकीचा दिवस आमी कसा काढला, ते हाय ह्यात. शाळेतल्या पोरांना दावायचंय. मोठे करून दे."

फोटोंवर बुरशीचे पांढरे डाग पडले होते. एका जवानाची तर अख्खी हनुवटीच डागात! कॉम्प्युटरवर त्याचं तोंड एवढं मोठं करून बसलो, की बाकीचा फोटो दिसायलाच तयार नाही. दोन दिवस खपलो आणि हनुवटी चकाचक केली. स्वतःवरच खूश झालो हो!

कार्यक्रमाला शाळा गच्च भरलेली. मुख्याध्यापक एकेक फोटो बघत नेमके त्याच फोटोपाशी थबकले. जवान बसलाय, मान वर, आणि गळ्याला वस्तरा!

सरांचा आवाज कापायला लागला. "मुलांनो, शत्रूच्या हाती जिवंत लागायचं नाही, म्हणून या वीरानं... सगळे स्तब्ध उभे राहा!"

वस्तरा मी बघितलाच नव्हता. आणि आता सांगणार कुणाला? सगळी शाळा माना खाली घालून उभी. दोन मुली तर मुसमुसायलाच लागल्या.

पहिल्या रांगेत मामांचे लढाईतले जोडीदार गणपतराव होते, मुद्दाम भूमहून एसटीनं आलेले. तेही टोपी काढून उभे राहिले. हळूच मामांना विचारलं, "कोण गेलं रं?"

मामांनी डोळे बारीक करून फोटो न्याहाळला. "आरं गणप्या, तूच की!"

मग मामा गरजले, "सर, दाढी करत होता ह्यो! तोंडावरचा साबण कुठं गेला?"

अख्ख्या शाळेनं वळून माझ्याकडं बघितलं.

"मी... बुरशी समजून पुसला," मी पुटपुटलो.

गणपतराव सावकाश माझ्यापाशी आले, खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास रं! एवढ्या तोफा डागल्या त्यांनी, मला साधं खरचटलं न्हाय. आन् तू मुरुमात खुर्चीवर बसून मारलंस की मला!"