मधल्या दगडाविना कमान

बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडं चुना कालवायलाही पाणी उरलं न्हवतं. बांधकामं सगळी बंद. मी गवंडी, शाळा दुसरीपर्यंत, बाकी हुन्नर हातात. तेलंगणात एका जुन्या, मोठ्या चर्चची डागडुजी निघाली, तेव्हा थापी-ओळंबा घेऊन देवणीहून तिकडं गेलो.

पहिल्या दिवशी पोट धरून हसलो. एवढी उंच भिंत, अन् तिला बाहेरून दगडी टेकू. सासूला दोन्हीकडून सुनांनी धरावं तसे. कमानी गोल न्हाईत, वर टोक आलेलं. खिडक्यांना रंगीत काचा; ऊनसुद्धा आत शिरताना लुगडं नेसून शिरायचं.

"बांधणाऱ्याला गोल कमान जमली नसंल," मी म्हणालो.

तिथला म्हातारा मिस्तरी म्हणाला, "तुला जमते ना? मग हे छत तू धर डोक्यावर."

टेकूंचे सांधे भरता भरता कळलं. छत भिंतीला बाहेर ढकलतं, तो रेटा टेकू अंगावर घेतात. म्हणून तर भिंतीत एवढ्या खिडक्या. अन् टोकदार कमान गोल कमानीपेक्षा बाहेर कमी ढकलते. हसलो होतो ते गिळलं.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. एका नव्या कचेरीच्या दगडी फाटकाचं काम मला मिळालं. इंजिनिअर साहेबांनी नुसतं 'कमान' सांगितलं होतं. मी टोकदार बसवली. लाकडी साचा काढायच्या दिवशी साहेब जीपमधून उतरले.

"मिस्तरी, कमान अडवून धरणारा मधला दगड कुठंय?"

"हिला मधला दगड नसतो साहेब. दोन्ही बाजू एकमेकींवर रेलतात."

"मला शिकवतोस? पडली तर? आधीच पाडून टाका!"

माझी महिनाभराची घडाई हा माणूस एका शब्दात पाडणार होता. आमच्यात रीत हाय, साचा निघताना गवंड्यानं कमानीखाली बसायचं. मी खाली बसलो, भाकरीचं फडकं सोडलं अन् ओरडलो, "काढा रे फळ्या!"

फळ्या निघाल्या. दगड जरासे करकरले. साहेब जीपच्या मागं.

"या साहेब, ठेचा हाय."

आले न्हाईत. पाडा असंही पुन्हा म्हणाले न्हाईत. पण साहेबच ते, नमतील कसे? टोकावर सिमेंटचा खोटा मधला दगड चिकटवून घेतला, वर पिवळा रंग.

दोन उन्हाळ्यांत तो खोटा दगड गळून पडला. तोवर साहेबांचीही बदली झालेली. कमान हाय तिथंच हाय. टोकावर सिमेंटचा डाग तेवढा राहिलाय. कचेरीतले खरवडून काढा म्हणतात. मी म्हणतो, असू द्या. साहेबांच्या हातचं तेवढंच काम हाय तिथं.