राहिलो फादर

आमच्या लातूरच्या मिशन शाळेतला फादर उठता-बसता ‘राहिलो’ म्हणायचा. जेवून राहिलो, जाऊन राहिलो, प्रार्थना करून राहिलो. मूळचा केरळचा. मराठी शिकला ती आम्हा गवंड्यांपाशी, मग दुसरं काय येणार? पोरांनी त्याचं नावच पाडलं, राहिलो फादर. शाळेतले पुण्याकडचे मास्तर त्याला सुधारायला जायचे. तो म्हणायचा, “मास्तर, तुमची मराठी पुस्तकात ठेवा. मला बाजारात बोलायचं हाय.”

मी दुसरी शिकलेला माणूस, पण दगडातलं मला कुणी सांगू नये. शाळेची इमारत निजामाच्या काळातली, काळ्या दगडाची. तिच्या व्हरांड्याचा कठडा ढासळला होता, तो मी बांधायला घेतला. शेवटचा एकच दगड उरला आणि विहीर आटली. मोठा दुष्काळ तो. चुना कालवायला मी घागर उचलली, ती फादरनं माझ्या हातातून काढून घेतली.

“आधी पोरं पितील. भिंत थांबून राहील.”

“थांबंल की. पण शेवटच्या दगडाला मालकाचा हात लागतो, आमच्या बापाचा नेम हाय. तवर पळून जाऊ नका.”

“मालक वर हाय. मी राखणदार.”

“वरच्याचा हात इथवर पोचत न्हाई, फादर. तुमचाच लागंल.”

पोट धरून हसला.

पुढं पाऊस झाला, विहीर भरली, तरी तो दगड लावू देईना. त्या रिकाम्या जागेत चहाचा ग्लास ठेवायचा आणि संध्याकाळभर औशाच्या रस्त्याकडं बघत बसायचा. सुट्टीत बोर्डिंगची पोरं गावी गेली की एवढ्या इमारतीत तो एकटाच. मी त्याच्या चर्चात कधी गेलो नाही, त्यानंही कधी ओढलं नाही. माझी बायको गेली, त्यानंतर एकदा मला म्हणाला, “घरी कुणी वाट बघून राहिलं का?”

“न्हाई.”

“मग बस.”

बसत गेलो. बोलणं कमीच.

लातूर जिल्हा झाला, त्याच साली त्याची बदली झाली. चौकात कमानी, गुलाल, आणि आम्ही दोघं कठड्यापाशी. मी चुना कालवूनच नेला होता. म्हणालो, “लावा हात.” त्यानं दगडावर हात ठेवला. मग काढून घेतला.

“आज बसवला तर माझं काम संपलं. मग मी इथला पाव्हणा. राहू दे. मी येऊन राहिलो.”

आमच्यात याचा अर्थ, निघालोच, वाटेतच आहे. घमेल्यातला चुना वाळून दगड झाला. तो आला नाही. केरळातच वारला, असं शाळेत कळलं.

आता सरकारनं ती इमारत वारसा म्हणून यादीत घातली आहे. परवा दुरुस्तीचा साहेब घरी आला. तोही पुण्याकडचाच.

“आजोबा, कठड्यातली ती जागा भरायची आहे. दगड तुमच्याकडे आहे म्हणे.”

“हाय. देणार न्हाई. मालकाचा हात लागायचाय.”

“मालक कुठे आहेत?”

“येऊन राहिले.”

“अच्छा, म्हणजे इथेच राहतात?”

मी त्याला सुधारलं नाही.