ताईंचं नाक उघडलं तेव्हा

"आधी मी!" म्हणत ताई ग्लासात नाक घालायच्या, डोळे मिटायच्या, आणि आम्ही श्वास रोखून उभे. मग निकाल यायचा. "पिकलेला पेरू. मागे जरासं ओलं लाकूड." आम्ही माना डोलवायचो. मला मेलीला ना पेरू यायचा, ना लाकूड. आजही ग्लास उचलताना माझा हात थबकतो. वाटतं, मागे त्या उभ्या आहेत.

दिंडोरीच्या वायनरीत मी प्रयोगशाळेत होते. वाइनचा वास-चव ठरवण्यात ताईंचा शब्द शेवटचा. अशी नाकावर माशी बसू न देणारी बाई तुमच्याही ऑफिसात असेलच. एकदा मी हौसेने मोगऱ्याचा गजरा माळून गेले, तर म्हणाल्या, "अगं बाई, लग्नाला आलीस की कामाला? जा, काढून ये." दसऱ्याची उदबत्तीसुद्धा त्यांनी गेटबाहेर लावायला लावली. गुरुजी चिडले, तर म्हणाल्या, "देवाला तिथूनही पोचते, गुरुजी. माझ्या टाक्या तेवढ्या सोडा."

त्याच बाईंचं नाक चोंदायला लागलं. द्राक्षबागांवर गंधकाची धुरळणी सुरू झाली की त्यांना त्रास व्हायचाच, पण त्या वर्षी नाक उघडेचना. मेडिकलमधून नाकात घालायचे थेंब आणले. दोन थेंब, मान मागे, थोड्या वेळात नाक मोकळं. "जादू आहे गं!" पण असर उतरला की नाक पहिल्यापेक्षा घट्ट बंद. आधी झोपताना, मग टेस्टिंगच्या आधी, मग टाक्यांच्या आड जाऊन केव्हाही. मालकांना कळू नये म्हणून हा लपंडाव. चोंदलेल्या नाकाच्या बाईला ग्लास कोण देणार?

डोकं ठणकायला लागलं, तेव्हा मीच त्यांना नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. प्रेशर भलतंच चढलेलं. "काही औषधं चालू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! एक गोळी घेत नाही मी."

"ताई, थेंब!" मी म्हटलं.

"ते काय औषध आहे? पोटात कुठे जातं?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग नीट समजावलं. हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून सूज उतरते. सतत घातले की असर संपताच त्या जास्तच फुगतात. आणि इतके घातले की औषध नाकापुरतं राहत नाही, रक्तात उतरून अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळू शकतं. "आजपासून बंद. प्रेशरची गोळी सुरू. नाक काही आठवडे छळेल, मग आपोआप उघडेल."

"द्राक्षं थांबतात का माझ्यासाठी, डॉक्टर? एवढा हंगाम जाऊ दे."

रिक्षात मी भांडले. "नाक गेलं खड्ड्यात, जीव सांभाळा!"

बाहेर बघत त्या म्हणाल्या, "नाक गेल्यावर मी कोण गं उरते?"

थेंब काही सुटले नाहीत, आणि हंगाम संपायच्या आतच त्या टेस्टिंगच्या टेबलापाशी कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव. थेंबांमुळेच झालं, असं कोणी छातीठोकपणे सांगितलं नाही. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

पुढे नाशिक रोडला त्यांच्या घरी गेले. त्यांची मुलगी म्हणाली, "आईचं नाक मात्र आता छान मोकळं झालंय. थेंब नाहीत की काही नाही."

मी ताईंचा डावा हात हातात घेतला. अचानक त्यांनी खिडकीकडे मान वळवली, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. चेहरा उजळला. त्यांना काहीतरी सापडलं होतं! ओठ हलले, पण गळ्यातून नुसता घोगरा आवाज आला. मी छाती भरून श्वास घेतला. मला कसलाच वास येईना. मी आपली सुचेल ते बोलत सुटले. माती? फोडणी? कडुलिंबाचा मोहर? त्या मान हलवत राहिल्या, नाही, नाही. शेवटी थकून रडायला लागल्या.

काही दिवसांत त्या गेल्या.

माझं मात्र अजून सुटलेलं नाही. भाजी निवडताना, बसमध्ये, टाक्यांपाशी, कुठेही कसला वास आला की मी मनात विचारते, "ताई, हा होता का?"

आणि त्या मान हलवतात.