डोमाभाऊंचा चाबूक

एकसारख्या जाडीची दोरी कितीही जोराने झटकली तरी नुसती सूं करते. मुळाशी जाड आणि टोकाशी बारीक असलेला चाबूक मात्र हलक्या हातानेही कडाडतो. असे का? मी विज्ञानाचा शिक्षक. पण याचे उत्तर मला खरे उमगले ते वडसा येथील एका नाटक मंडळीत. तेथे मी हौसेने प्रॉम्प्टिंग करीत असे आणि डोमाभाऊ रंगमंचाचे सामान सांभाळत. कोणतीही वस्तू नटाच्या हाती देण्यापूर्वी ते ती स्वतःवर अजमावत. लाकडी तलवारसुद्धा आधी त्यांच्या गालावरून फिरे.

त्या हंगामात खलनायकाचे काम करणाऱ्या वासुदेवने बाजारातून नायलॉनचा, मुळापासून टोकापर्यंत एकाच जाडीचा चाबूक आणला. तो वाजेना, म्हणून वासुदेव दर प्रयोगाला थोडा पुढे सरकून अधिक जोर लावू लागला. अखेर नायिका रत्नाच्या दंडावर वळ उठला.

"भाऊ, तो वाजूनच नाई राह्यला," वासुदेव म्हणाला.

"म्हणून पोरीले वाजवलं काय?"

रत्ना शांतपणे म्हणाली, "मले रडाचं काम देलं हाय, मार खाचं नाई. दुसरी पाहून घ्या."

डोमाभाऊ म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत थांब. नवा चाबूक दोन हात दुरून वाजला नाई, तं मीच तुले गावच्या गाडीत बसवून देतो."

डोमाभाऊंनी चामड्याच्या आठ लांब पट्ट्यांची, म्हणजे वाद्यांची, वेणी घातली. वीतभर गुंफले की एक वादी सोडायची, म्हणजे चाबूक निमुळता होतो. टोकाला सुताचा गोंडा. पहिल्या झटक्याला आवाज आला, पण त्यांच्याच कानापाशी. दांडा वेताचा होता; तो लवून चाबूक मागे वळत होता. त्यांनी धावड्याच्या लाकडाचा ताठ दांडा बसवला. तरी चाबूक मधेच अडखळे. त्यांनी वेणी बोटांनी चाचपली.

"सर, घाई केली मी. दोन वाद्या एकाच जागी सोडल्या. झटका इथीच अडून राह्यला."

तेथपर्यंत सारे उसवून त्यांनी पुन्हा गुंफले. झटका मुळापासून निघतो. पुढे वजन हळूहळू घटते, म्हणून वेग वाढत जातो आणि अखेर टोक आवाजालाही मागे टाकते. तोच तो कडाका. हे मी फळ्यावर लिहीत असे. त्यांच्या बोटांना ते ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी रत्नाच्या जागी ते स्वतः हात पसरून उभे राहिले. वासुदेवने चाबूक झटकला. त्यांच्यापासून दोन हात अलीकडे कडाका झाला. डोमाभाऊंचा पसरलेला हात जराही हलला नाही. रत्नाने पुढे होऊन चाबूक मागून घेतला आणि वासुदेवच्या दिशेने वाजवला. तो दचकून मागे सरला.

"आता समजलं ना कसं वाटते?" असे म्हणून तिने चाबूक त्याच्या हाती दिला आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली. "घ्या, तिसरा अंक."

डोमाभाऊ आता नाहीत. माझ्या शब्दावर मात्र विसंबू नका. मोकळ्या मैदानात, डोळ्यांवर चष्मा लावून, जवळपास कोणी नसताना एक सरळ दोरी आणि एक निमुळती वेणी झटकून पाहा, आणि तुम्हीच ठरवा.