अकोल्याचा रिले अन् पोळ्याची मुदत

चार जण मिळून एखादा उद्योग करा. त्यातून दुसरं काही निघो न निघो, किस्से मात्र निघतातच! आमच्या रिलेचंही तसंच झालं. स्पीड येईना, पण किस्से साठत गेले.

रिले म्हणजे काय? नाव-गाव न सांगता इंटरनेट वापरता यावं म्हणून जगभरच्या हौशी लोकांनी आपापले कॉम्प्युटर साखळीसारखे जोडलेत. मागून आलेलं पुढच्याकडे द्यायचं. आमची कडी मधली, त्यामुळे कोण पाठवतंय, काय पाठवतंय, आम्हाला काही दिसत नाही. असा एक जुना कॉम्प्युटर, आमच्या भाषेत डबा, प्रफुलने अकोल्याला घरच्या मधल्या खोलीत लावला. मित्र पुण्याला गेले, हा राहिला. "अकोल्यात बसूनबी जगाच्या कामी पडता येते, हे मले पाहायचं हाय," म्हणायचा.

त्याच्या बाबांनी अट घातली, "पोळ्यापर्यंत पाहतो. नाही चाललं तर डबा उचल. मले तिथं दिवाण टाकायचा हाय!"

*

सुरुवातीला लाइन फास्ट, रिले मात्र रिकामा! प्रफुल रोज सकाळी अंघोळ करून डबा रीस्टार्ट करायचा, वर उदबत्ती ओवाळायचा. मी अमरावतीहून फोनवर डोकं लावून थकलो. शेवटी आमच्या ग्रुपमधल्या स्नेहलताईंना विचारलं. त्या तिवस्याला शाळेत गणित शिकवतात.

"नेटवर्क नव्या रिलेले पहिले पारखते, मंग काम देते. वाचलं नाही काय तू?"

"वाचलं ना, ताई," प्रफुल म्हणाला.

"अरे, नव्या सुनेच्या हाती पहिल्याच दिवशी घर देतात काय? अन् तू तर तिले रोज सकाळी माहेरी धाडून राहिला!"

रीस्टार्ट बंद झालं. उदबत्ती चालू राहिली.

*

थोडा जोर आला, पण दुपार झाली की रिले मलूल. डबा तापला की आपोआप हळू चालतो, आणि अकोल्याचा मे महिना काय सांगावा! प्रफुलने कूलरचं तोंड डब्याकडे वळवलं.

बाबा जेवून आडवे व्हायला आले, तर सगळी गार हवा टेबलावरच्या डब्याला!

"मी रिटायर झालो म्हणून मले घाम, अन् हा ड्यूटीवर हाय म्हणून याले कूलर?"

बाबांनी सतरंजी उचलली, टेबलाखाली अंथरली आणि तिथेच झोपले.

*

पाऊस लागला, डबा थंड झाला, तरी स्पीड एका जागी अडलेला. सेटिंग आमचा दीपक बघतो, नांदगाव खंडेश्वरचा, शेती सांभाळून. घरच्यांचं नेट अडू नये म्हणून त्याने रिलेला मर्यादा घातली होती. ताईंनी तपासलं तर बाइटच्या जागी बिट! म्हणजे ठरलं होतं त्याचा आठवा हिस्सा.

दीपक म्हणाला, "विहिरीचं पाणी वाटतानाबी आपलं वावर पहिले ओलवतो आमी."

"ओलव ना बे!" प्रफुल ओरडला. "पण जगाले तू धुऱ्याच्या बांधावरून निथळते तेवढंच सोडलं!"

बिटचं बाइट केलं आणि आलेख हळूहळू वर चढू लागला. खरं सांगतो, ऊर भरून आला. प्रफुलने बाबांना आलेख दाखवला. ते फक्त "हं" म्हणाले. सुताराकडे दिवाण तयार झाला होता.

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी अकोल्याला गेलो. डबा उचलावा लागलाच तर म्हणून सोबत रिकामं खोकं घेतलं होतं. प्रफुलने ते दाराआड सरकवलं.

बाहेरच्या खोलीत वायरमन पंखा दुरुस्त करायला आला होता. "काकाजी, जरा मेन स्विच बंद करतो," म्हणत त्याने हात वर केला.

बाबा ताडकन उठले आणि त्याचा हात धरला.

"थांब बाप्पा! पहिले मधल्या खोलीत इन्व्हर्टरची लाइन दे. तिथं लोकं हायेत."

वायरमनने पडदा सारून पाहिलं. टेबल, डबा, लुकलुकणारा हिरवा दिवा.

"कोन हाय, काकाजी? मले तं कोनी दिसत नाही."

"मलेबी दिसत नाही," बाबा म्हणाले. "अन् मी इचारतबी नाही. तू वायर लाव!"