सासूबाईंनी वाचलेली कादंबरी

आमच्या ह्यांना एकट्याने रस्ता ओलांडू देऊ नये. मधोमध उभे राहतात. कुठेतरी एखादं फाटक करकरलेलं असतं, आणि ते कोणत्या सुरात करकरलं ह्याचा विचार चालू असतो. मोटारवाले शिव्या घालतात, त्याही ह्यांना ठेक्यातच ऐकू येत असणार. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी घाबरायचे, मग चिडायला लागले. आता सरळ दंड धरून पलीकडे नेते आणि वाटेत दोन शब्द सुनावते. ते कानात शिरतात की नाही देव जाणे.

आम्ही दोघं रेडिओतले. हे तिथल्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचे आणि मी नाटकांतून बोलायचे. नायिका वगैरे नाही हं. माझ्या वाट्याला जन्मभर शेजारीण आली. कुणाच्या घरी काही बरंवाईट झालं की दार वाजवून ‘अगं, कळलं का तुला?’ म्हणणारी जी बाई असते ना, ती मी. आवाजच असा पडला, त्याला कोण काय करणार.

आमच्या नाटकांना त्या काळी स्वतःचं संगीत नसायचं. एका कपाटात जुन्या तबकड्या होत्या, त्यांना चिठ्ठ्या लावलेल्या. ‘दुःख, हळू’, ‘दुःख, जोरात’, ‘पहाट’, ‘घोडे’. नायकाची आई गेली काय आणि नायिकेचं लग्न मोडलं काय, ‘दुःख, हळू’ ठरलेलं. मग एक नवे दिग्दर्शक आले. उंच, किडकिडीत, चहा गार झाल्याशिवाय न पिणारे. त्यांनी एक जुनी, नावाजलेली कादंबरी काढली. अशी कादंबरी, की जिच्याबद्दल सगळे आदराने बोलतात आणि जी वाचलेली कुणी नसते. तिची क्रमशः श्रुतिका करायची आणि संगीत सगळं कोरं, नवं, खास तिच्यासाठी केलेलं. आणि ते करायचं आमच्या ह्यांनी. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चाली इमानेइतबारे वाजवलेला माणूस. ते त्या दिवशी घरी आले आणि चपला न काढता आत येऊन मधल्या खोलीत उभे राहिले. मी ओरडणार होते, पण तोंड बघून गप्प बसले.

कादंबरी साधी आहे. नदीकाठी एक घर. नवरा कामासाठी नदीच्या वरच्या अंगाला जातो, बायको रोज खिडकीत दिवा ठेवते. पोरं मोठी होतात, नदी पात्र बदलते, शेजारी म्हातारे होतात, आणि दिवा तिथेच. झालं.

ह्यांना ती पाठ होती. वाचलेली नव्हती, ऐकलेली होती. हे आणि माझ्या नणंदबाई लहान असताना सासूबाई ती वाचून दाखवायच्या. दिवसभर लोकांचे कपडे शिवायच्या आणि संध्याकाळी दिवा लागला की दोन पोरांना दोन बाजूंना घेऊन बसायच्या. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटून, पानांत बोट ठेवून सांगायच्या. इतकं तोंडपाठ होतं तिला, असं हे मोठ्या कौतुकाने म्हणायचे. त्या प्रकरणात नवरा येतो. पायऱ्यांवर खोकल्याचा आवाज होतो, बायको दिवा उचलते, तो दारातल्या पोत्यावर बूट पुसतो. पोरं झोपी जातात.

आता घरातली गोष्ट सांगायलाच हवी. माझे सासरे बोटीवर नोकरीला गेले तेव्हा हे जेमतेम चालायला लागले होते. बोट परत आली, सासरे आले नाहीत. बुडाले म्हणावं तर तसं कुणी कळवलं नाही, पळाले म्हणावं तर तसंही नाही. घरात त्यांचा फोटो नाही, टोपी नाही, विषयसुद्धा नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी भोचकपणे एकदा विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, काजं नीट कर, दोरा वर येतोय. पुन्हा म्हणून विचारायची हिंमत झाली नाही. ह्यांनी तर जन्मात विचारलं नाही. वडिलांचं एवढंसंही ह्यांना आठवत नाही, आवाज नाही, चेहरा नाही, काही नाही. मनात मात्र ते फार होतं. झोपेत कूस बदलताना कधीतरी कळायचं.

तर ह्यांनी काय करावं, सगळ्यात आधी शेवट केला. कुठे जायचंय ते ठरल्याशिवाय घराबाहेर पडू नये म्हणाले. म्हटलं, हे तुम्ही बोलताय! पण केलं खरं तसंच. नवरा घरी येतो त्याची धून पहिल्यांदा बांधली, आणि मग तिचेच तुकडे काढून आधीच्या सगळ्या भागांत पेरले. नदीला एक तुकडा, दिव्याला एक, मुलांच्या खेळाला एक. कुठेच ती पुरी होत नाही. ऐकणाऱ्याला वाटत राहावं की आत्ता येईल पुढचं, आत्ता येईल, आणि शेवटच्या भागात नवरा पायरीवर आला की सगळी धून एका दमात.

ते दिवस मला अजून डोळे मिटले की दिसतात. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून यायचं, मधल्या खोलीत सगळं फिकट सोनेरी. हे खिडकीकडे तोंड करून व्हायोलिनवर तीच ओळ पुन्हा पुन्हा, जरा वेगळी, पुन्हा जरा वेगळी. पलीकडे सासूबाईंचं मशीन. मी संहिता हातात घेऊन माझी शेजारीण पाठ करत बसलेली असायचे आणि शब्दच विरघळून जायचे. घरात नदी शिरल्यासारखं वाटायचं. चहात साखर घातली की नाही हे कुणालाच आठवत नसे, आणि एकदा आम्ही तिघांनीही बिनसाखरेचा चहा मुकाट्याने प्यायला. पूर्ण धून वाजली की सासूबाईंचं मशीन थांबायचं. दोरा तुटला असेल असं मला वाटायचं.

श्रुतिका सुरू झाली आणि बघता बघता लोकांच्या तोंडी बसली. किराणावाला पुड्या बांधताना नदीचा तुकडा गुणगुणायचा आणि पुढचं येत नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. हे ऐकून ह्यांचा चेहरा असा फुलायचा की काय सांगू.

संहिता आमच्याकडे भागाभागाने यायची. रूपांतर करणाऱ्या लेखिकाबाई कॉलेजात शिकवायच्या, फार शिस्तीच्या. शेवटचा भाग त्यांनी तालमीच्या खोलीत वाटला. मी आधी माझी वाक्यं शोधली, मग शेवट बघितला. बाई खिडकीशी जाते. दिवा फुंकून विझवते. समाप्त. मला वाटलं, एक पान राहिलं. तसं म्हटलंही. लेखिकाबाई म्हणाल्या, राहिलं नाही, कादंबरी इथेच संपते, तिचा शेवटच तर गाजलाय. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी शेवटचं पान उलटून मागची कोरी बाजू बघितली.

“तो येतो,” हे हळूच म्हणाले. “खोकतो पायऱ्यांवर. बूट पुसतो.”

कुणी हसलं नाही. लेखिकाबाईंनी पिशवीतून पुस्तक काढून ते पान उघडून ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी उभ्याउभ्या वाचलं, ओठ हलवत, लहान मुलासारखं. दिग्दर्शकांनी मग समजुतीच्या स्वरात सांगितलं की शेवटची धून बदलावी लागेल, काहीतरी विझत जाणारं द्या, ध्वनिमुद्रण परवावर आलंय. नाहीच जमलं तर कपाटातली तबकडी आहेच. तबकडी! म्हणजे सगळ्या भागांभर ज्याची वाट बघायला लावली ते फेकून द्यायचं आणि वर ‘दुःख, हळू’ लावायचं. इतक्या वर्षांत ह्या माणसाने स्वतःचं म्हणून एकच काही केलं होतं, आणि तेच नेमकं नको झालं होतं. एवढं सगळं केलं आणि मुसळ केरात.

घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. राग लेखिकाबाईंवर नव्हता, सासूबाईंवर होता. ह्या बाईने पोराला जन्मभर खोटं सांगून ठेवलं आणि त्या खोट्यावर ह्याने घर बांधलं. आज बोलायचंच, म्हणून मी पदर खोचून आत निघाले, पण हे माझ्या आधी जाऊन मशीनपाशी बसले.

“आई, त्या कादंबरीत तो येत नाही.”

मशीन थांबलं. “नाही येत,” सासूबाई म्हणाल्या.

“तू तर येतो म्हणून वाचायचीस.”

त्यांनी दातांनी दोरा तोडला, कापड उलटं करून शिवण बघितली. मग म्हणाल्या, “तो आला असं म्हटल्याशिवाय तुम्ही दोघं झोपत नव्हता. मला सकाळी उठून शिवायचं असायचं.”

एवढंच. माझा राग कुठल्या कुठे गेला. दारात उभी राहून मी त्यांच्या बोटांकडे बघत होते, सुयांनी भोकं पडलेली ती बोटं, आणि मला रडू आवरेना. आता तरी ह्यांनी पुढचं विचारावं, वडिलांचं काहीतरी विचारावं, असं फार वाटत होतं. पण हे मान हलवून उठले आणि व्हायोलिनच्या तारा पुसायला लागले. बाप दाखव म्हणायची वेळ आली की ह्यांच्या तोंडाला कुलूप.

परवाचा दिवस उजाडला. हे दिग्दर्शकांना म्हणाले, नवीन काही केलेलं नाही, वाक्यं तुमची, पुस्तकातली, ती तशीच राहू देत, दिवाही विझू दे, त्यानंतरची जागा मला द्या. दिग्दर्शक तोंड वासून बघत राहिले. पण स्टुडिओ ठरलेला, वादक जमलेले, लाल दिवा लागायची वेळ झालेली. एकदा वाजवून तर बघू म्हणाले.

आम्ही माइकभोवती उभे राहिलो. वाचून झालेलं पान आवाज न करता गालिच्यावर सोडायचं असतं, तशी पानं आमच्या पायाशी साठत गेली. माझं वाक्य झालं. मुख्य बाईंनी शेवटची ओळ म्हटली आणि माइकजवळ एक हलकीशी फुंकर मारली. दिवा गेला. काचेपलीकडे दिग्दर्शकांचा हात वर होता, थांबवण्यासाठी.

आणि ह्यांनी गज उचलला. पूर्ण धून. घरी मी ती नुसत्या व्हायोलिनवर ऐकली होती. इथे तिच्याखाली मोठ्या तंतुवाद्यांच्या तारा छेडत पावलं येत होती, संथ, भारदस्त, एकेक पायरी चढत. नदी, दिवा, पोरांचे खेळ, सगळे तुकडे एकमेकांना भेटत गेले. अंधार झाला होता आणि त्या अंधारात कुणीतरी घरी येत होतं. मी नवऱ्याचं कौतुक करणाऱ्यांतली नाही, पण त्या दिवशी मला वाटलं, माझ्या माणसाने हे केलं. दिग्दर्शकांचा हात वरच राहिला.

संपल्यावर ते म्हणाले की सुंदर आहे, पण हे पुस्तकात नाही. लेखिकाबाई चष्मा पुसत होत्या. त्या म्हणाल्या, दिवा विझल्यावर त्या बाईला काय ऐकू आलं हे पुस्तकात कुठे लिहिलंय? राहू द्या. आणि ते राहिलं.

प्रसारण संध्याकाळचं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो होतो. सासूबाईंनी मशीनवर कापड टाकून ठेवलं होतं, हातात शिवण घेतली नव्हती, हे मी त्या घरात पहिल्यांदाच बघत होते. माझं वाक्य आलं तेव्हा त्यांनी विचारलं, ही तू का गं? म्हटलं, हो, मीच ती. बरी बोलतेस की, म्हणाल्या. इतक्या वर्षांनी मिळालेलं ते प्रशस्तिपत्र मी गुपचूप पदरात घेतलं.

फुंकर ऐकू आली. मग धून सुरू झाली, पावलं पायऱ्या चढून आली. ह्यांनी आईकडे बघितलंच नाही, टेबलाच्या कडेवर नजर लावून बसले होते. शाळेतलं पोर निकालाची वाट बघतं तसे. संपलं. निवेदकाने सगळ्यांची नावं सांगितली, त्यात ह्यांचंही आलं.

“छान झालं,” सासूबाई म्हणाल्या. “पण पावलं चुकली.”

“कुठे?” ह्यांना वाटलं, ठेका कुठे तरी हुकला.

“इतकी जड नव्हती तुझ्या वडिलांची. फार हलके चालायचे. आलेले कळायचेच नाहीत. मी इथे काम करत असायचे, आणि वळून बघावं तर मागे उभे.”

मी जागची हलले नाही. ह्यांचा चेहरा मला दिसत होता आणि तो बघवत नव्हता. रेडिओवर बातम्या लागल्या होत्या, त्या मी हात लांब करून बंद केल्या.

हे खुर्चीवरून उठले, आईच्या पायाशी जमिनीवर जाऊन बसले आणि म्हणाले, “मग?”